वसंताची चाहूल : कोल्हापूर परिसरात तुम्हाला पहिली खूण कोणती दिसली?

पंचगंगाकाठ
३ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

नमस्कार. काल सायंकाळी अंबाबाईच्या किरणोत्सवाचा तिसरा दिवस होता. ३१ जानेवारीला मावळत्या सूर्याची किरणे देवीच्या चरणांवर येतात, १ फेब्रुवारीला ती वर चढतात आणि २ फेब्रुवारीला मुखावर पोचतात, हा क्रम आपल्याला लहानपणापासून पाठ असतो. गर्दीत उभा असताना या वेळी मन दुसऱ्याच हिशेबात गुंतले. हाच सोहळा ९, १० आणि ११ नोव्हेंबरलाही होतो, आणि या दोन्ही वेळा २१-२२ डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवसापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, म्हणजे सुमारे ४१ दिवसांवर आहेत. नोव्हेंबरात दक्षिणेकडे सरकताना सूर्य क्षितिजावर ज्या जागी मावळतो, त्याच जागी तो आता उत्तरेकडे परतताना पुन्हा आला आहे. देवळाचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे सूर्य परतल्याची ही खूण आपल्या शहराला दगडात कोरून मिळालेली आहे. संध्याकाळ तर डिसेंबरपासूनच लांबू लागली होती, पण सकाळ जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच उजाडत राहिली. दिवस दोन्ही टोकांनी वाढू लागल्याचे जाणवते ते आता.

देवळातून परतताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिंपळाखाली थांबलो. निम्मी पाने पिवळी पडली आहेत, वारा आला की ती देठासकट गळतात आणि रस्त्यावर त्यांचा खडखड आवाज होतो. खालची एक फांदी हाताला लागते, ती वाकवून तिचे टोक पाहिले. जिथून कालपरवा पान गळले असावे तिथे देठाचा गोल वण होता, आणि त्याच्या लगत फांदीच्या शेंड्याला बोटाच्या पेराएवढाही नसलेला, सुईसारखा टोकदार, तांबूस छटेचा कोंब होता. त्या कोंबावर पातळ आवरण असते, मक्याच्या कणसाला शेवटची कोवळी साल बिलगलेली असते तसे. ते अजून घट्ट मिटलेले आहे.

हा धागा उघडण्यामागे एक विचार आहे. शिशिरात पानगळ आणि वसंतात पालवी असे आपण शाळेत शिकलो, आणि त्यामुळे वसंत म्हणजे पळस फुलणे, कोकिळ ओरडणे अशी ठळक चित्रेच आपण शोधत राहतो. आपल्याकडे मात्र हे दोन्ही ऋतू एकाच झाडावर, एकाच वेळी उभे असतात. पाऊस ऑक्टोबरात संपतो, जमिनीचा वरचा थर जानेवारीपर्यंत कोरडा होतो, आणि पानांतून पाणी उडून जाणे परवडेनासे झाले की झाड पाने टाकून देते. पाने गेल्यावर खोलवरच्या मुळांनी ओढलेले पाणी खोडात आणि फांद्यांत साठू लागते आणि त्याच पाण्यावर ऐन कोरड्या दिवसांत फुले व पालवी येते. थोडक्यात, गळणारे पान ही वसंताची पूर्वतयारी आहे. माझ्या मते पहिली खूण वर पाहून सापडत नाही, खाली पडलेल्या पाचोळ्याकडे पाहून सापडते.

आपण जिल्ह्यात कुठेही राहत असाल, कृपया लिहा. झाड कोणते, जागा साधारण कोणती, तारीख कोणती आणि नेमके काय पाहिले, एवढे असावे. फिरत आलेली छायाचित्रे नकोत, स्वतः पाहिलेलेच हवे.

शेंडापार्क_सकाळ
३ फेब्रुवारी, रात्री ९.३५

फार चांगला विषय काढलात, काका. मी रोज सकाळी फिरायला जाते, त्यामुळे माझी नोंद डोळ्यांपेक्षा कानांची आहे. डिसेंबर आणि जानेवारीत तांबट असतो, पण गप्प असतो. क्वचित दोन-चार ठोके देऊन थांबतो. २९ जानेवारीला सकाळी नऊच्या सुमारास उन्हाने जरा जोर धरल्यावर त्याने ‘टुक्, टुक्, टुक्’ सुरू केले आणि मी चालत पुढचा चौक गाठेपर्यंत ते थांबले नाही. दुर्बिणीतून पाहिले तेव्हा तो वडाच्या वाळक्या शेंड्यावर बसला होता. चोच पूर्ण मिटलेली असते, गळ्याखालची पिवळी पिशवी प्रत्येक ठोक्याला फुगते आणि मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळते. त्यामुळे आवाज कधी जवळून, कधी लांबून आल्यासारखा वाटतो आणि पक्षी सापडत नाही. भांडी ठोकणाऱ्या तांबटाचे नाव त्याला कोणी दिले असेल त्याचा कान फार चांगला असला पाहिजे.

दुसरी नोंद दयाळाची. हिवाळाभर तो कुंपणावर शेपटी उडवत नुसता ‘चर्र’ करीत असे. १ फेब्रुवारीला पहाटे साडेसहाला, अंधार असतानाच, त्याने सलग गाणे म्हटले. नराचे गाणे सुरू झाले याचा अर्थ त्याने हद्द आखायला सुरुवात केली आहे. ही खूण मला पळसाच्या फुलापेक्षा महत्त्वाची वाटते, कारण पुढच्या तीन महिन्यांतील घरटे, अंडी, पिले हे सगळे या गाण्याच्या मागून येते.

पंचांगप्रेमी
४ फेब्रुवारी, सकाळी ११.२०

विषय आवडला, परंतु शब्दाच्या बाबतीत काटेकोर राहावे अशी विनंती आहे. चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने. माघ हा शिशिराचा महिना. माघ शुद्ध पंचमीला आपण वसंतपंचमी म्हणतो ती ऋतूच्या स्वागताची तिथी आहे, त्या दिवशी ऋतू सुरू होत नाही. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेल्या राष्ट्रीय पंचांगात फाल्गुन-चैत्राला वसंत मानले आहे, तरी तेही फेब्रुवारीच्या उत्तरार्धापूर्वी सुरू होत नाही. म्हणून ३ फेब्रुवारीला वसंत म्हणणे मला घाईचे वाटते.

पंचगंगाकाठ
४ फेब्रुवारी, दुपारी २.०५

आपला मुद्दा योग्य आहे आणि म्हणूनच शीर्षकात ‘चाहूल’ हा शब्द आहे. चाहूल पाहुणा दारात येण्याआधी लागते.

तिथीबद्दल मात्र एक अडचण मांडतो. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे तिथी दर वर्षी अकरा दिवसांनी मागे सरकते आणि साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते. त्यामुळे होळी कधी मार्चच्या पहिल्या दिवसांत येते, कधी शेवटच्या आठवड्यात. झाडाला ही ये-जा ठाऊक नसते. दिवसाची लांबी, उष्णता आणि जमिनीतील ओल यांवर त्याचे काम चालते. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ हे खरे, पण होळी लवकर आली म्हणून पांगारा लवकर फुलत नाही. म्हणून येथील नोंदी इंग्रजी तारखेनेच ठेवू या. सोबत तिथीही लिहिलीत तर आनंदच आहे.

कृष्णाकाठ_शिरोळ
६ फेब्रुवारी, रात्री १०.१५

आमचा भाग शहराच्या पूर्वेला आणि कोरडा, त्यामुळे आमचा वसंत तुमच्या आधी येतो असे मी नेहमी सांगत आलो आहे. ‘कुठेही जा, पळसाला पाने तीनच’ ही म्हण पानांपुरती ठीक आहे. फुलांच्या तारखा मात्र दर दहा कोसांवर बदलतात.

आज ओढ्याकाठच्या पळसाजवळ गाडी थांबवून पाहिले. लांबून झाड वठल्यासारखे दिसते, कारण पाने जवळजवळ गेली आहेत आणि फांद्यांवर काळपट ठिपक्यांचे घोस तेवढे आहेत. जवळ गेल्यावर कळते की ते ठिपके म्हणजे कळ्या. पळसाच्या कळीचे बाहेरचे कवच गडद तपकिरी, जवळजवळ काळे असते आणि त्यावर मखमलीसारखी लव असते. बोट फिरवले की मांजराच्या कानाला हात लागल्यासारखे वाटते. एका घोसात दोनच कळ्यांची टोके उघडली होती आणि आतला केशरी रंग नखाएवढा डोकावत होता. पोपटाच्या चोचीसारखा तो बाक पाहूनच आपल्या पूर्वजांनी ‘किंशुक’, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ असे नाव दिले. सगळे झाड पेटते तेव्हा गाड्या थांबवून लोक फोटो काढतात. मला मात्र आजचा दिवस अधिक मोलाचा वाटतो.

शेतातही खुणा आहेत. शाळू आता हुरड्याच्या पुढे जाऊन दाणा टणक धरू लागला आहे आणि भोरड्यांचे थवे त्यावर उतरत आहेत. याच पक्ष्याला पळसमैना म्हणतात. हिवाळ्यात तो आपल्याकडे मुक्कामाला असतो, पळस आणि सावर फुलली की त्यांच्या मधावर ताव मारतो आणि एप्रिलपर्यंत मध्य आशियाकडे परततो. म्हणजे आपला वसंत ही त्याच्या लांबच्या प्रवासाची शिदोरी झाली. जानेवारीत तुटून गेलेल्या उसाच्या फडांत खोडवाही फुटला आहे. पाचटाच्या पिवळ्या थरातून वर आलेले ते हिरवे पाते मी वसंताच्या खुणांत धरतो. तज्ज्ञांनी मान्य केले नाही तरी चालेल.

आजरेकर
९ फेब्रुवारी, सायंकाळी ६.५०

आमच्याकडे काजूला मोहोर आहे. सकाळी दव सुकल्यावर डोंगर उतारावर उभे राहिले की गोडसर वास येतो. फूल अगदी बारीक, उमलताना पांढुरके आणि मग गुलाबी रेघांचे होते. आंब्याचा मोहोरही चांगला आहे. इतर कोणी आंब्याच्या मोहोराबद्दल लिहिले नाही याचे आश्चर्य वाटले, कारण घरोघरी वसंताची पहिली खूण म्हणून तोच दाखवला जातो.

शेंडापार्क_सकाळ
९ फेब्रुवारी, रात्री ८.३०

आजरेकर दादा, मी मोहोर मुद्दामच लिहिला नाही. आंब्याला मोहोर धरण्यासाठी थंडी लागते; डिसेंबर-जानेवारीत गारठा चांगला पडला तर फांदीचा शेंडा पालवीऐवजी मोहोराकडे वळतो. म्हणून मोहोर ही थंडीची देणगी आहे असे मी मानते. आंब्यातील वसंताची खूण म्हणजे मोहोर गळून देठावर मोहरीएवढी कैरी धरते तो दिवस. आपल्या बागेत तो दिवस कोणता आला ते अवश्य कळवा.

आजरेकर
१० फेब्रुवारी, सकाळी ७.१५

पटले. रायवळ आंब्याच्या एका झाडाला आज तशी मोहरी धरलेली दिसली. १० फेब्रुवारी अशी नोंद घ्यावी.

गच्चीबाग
१२ फेब्रुवारी, दुपारी ३.४०

सगळ्यांच्या नोंदी वाचून आनंद झाला आणि थोडी खंतही वाटली. आम्ही सदनिकेत राहतो, दोघेही नोकरी करतो, मुलगी पाचवीत आहे. आम्हाला दाजीपूर किंवा शिरोळला वारंवार जाणे शक्य नाही. गॅलरीतून रस्त्याकडेची दोन करंजाची झाडे दिसतात, एवढीच आमची निसर्गसंपत्ती. मुलीने हा धागा माझ्याकडून वाचून घेतला आणि ‘आपल्या झाडाला वसंत कधी येणार?’ असे विचारले. तिला काय सांगावे?

पंचगंगाकाठ
१२ फेब्रुवारी, रात्री ९.००

ताई, आपल्या मुलीने या धाग्यातील सर्वांत चांगला प्रश्न विचारला आहे. दहा जंगलांना एकेक भेट देण्यापेक्षा एकच झाड दर आठवड्याला पाहणे अधिक शिकवते.

तिला एक वही द्या आणि रविवार ठरवून टाका. दोन करंजांपैकी एकच निवडायला सांगा. दर रविवारी तिने चार गोष्टी पाहाव्यात : जुनी पाने किती उरली, नवी पाने आली का, कळ्या आहेत का, शेंगा आहेत का. प्रत्येकाला ‘नाही’, ‘थोडे’ किंवा ‘पुष्कळ’ यांपैकी एक शब्द पुरतो. पाने मोजत बसण्याची गरज नाही. आपल्या देशात २०१० पासून ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम चालतो, त्यातही शाळेतील मुले आणि नागरिक थोड्याफार याच रीतीने आपापल्या झाडाची साप्ताहिक नोंद करतात. शाळेने मनावर घेतले तर वर्गच्या वर्ग त्यात उतरू शकेल.

ही रीत किती साधी आणि किती दूरवर जाणारी आहे याचे एक उदाहरण सांगतो. इंग्लंडमधील नॉरफक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाच्या गृहस्थांनी १७३६ मध्ये आपल्या मळ्यातील वसंताच्या खुणा लिहायला घेतल्या : पहिले फूल, पहिले पान, कुकू पक्ष्याची पहिली हाक, बेडकांचा पहिला आवाज, अशा एकूण २७. त्यांच्या पश्चात घराण्याने ते काम १९५८ पर्यंत चालू ठेवले, आणि आज हवामानातील बदल अभ्यासणारे लोक त्या नोंदी उघडून बसतात. क्योटो शहरातील चेरीच्या बहराच्या तारखा तर नवव्या शतकापासून सापडतात. आपल्याकडे किरणोत्सवाच्या तारखा पिढ्यान् पिढ्या पाठ आहेत, पण देवळाबाहेरचा पिंपळ कोणत्या दिवशी पालवला हे कोणी लिहून ठेवलेले माझ्या पाहण्यात नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

मात्र त्यांची यादी आपल्याला चालणार नाही. त्यांच्याकडे बर्फ वितळतो आणि हिरवे डोके वर येते; आपल्याकडे ऊन तापते, गवत वाळते आणि त्या कोरड्यातून लाल, केशरी, तांबूस रंग फुटतात. आपल्या खुणा आपल्यालाच निवडाव्या लागतील.

करंज उशिरा वळतो. मार्च उजाडेपर्यंत काही घडत नाही असे वाटेल. तिला धीर धरायला सांगा.

राधानगरीवाट
२० फेब्रुवारी, रात्री १०.४०

शनिवार-रविवार राधानगरी-दाजीपूर भागात होतो. १९५८ पासून गव्यांसाठी राखलेले हे अभयारण्य आहे, आणि लोक बहुधा गवा पाहायलाच येतात. आम्ही झाडे पाहायला गेलो होतो.

पश्चिमेकडील हे रान निमसदाहरित असल्यामुळे येथे शिरोळसारखी सरसकट पानगळ होत नाही. हिरव्यागार छतातूनच एखादे झाड वेगळ्या रंगाने उठते. यंदा पहिले उठले ते कुसुंब. घाटाच्या वळणावरून पाहिले तेव्हा खालच्या दरीत एकच झाड रक्तवर्णी दिसत होते. सोबतच्या मित्राने त्याला फुलेच समजले. ती कोवळी पाने होती. पान नवे असताना त्यात हरितद्रव्य कमी आणि लाल रंगद्रव्य अधिक असते. त्याने कोवळ्या पेशींचे कडक उन्हापासून रक्षण होते आणि पान खाणाऱ्या किड्यांनाही ते फारसे रुचत नाही, असे अभ्यासक सांगतात. पंधरवड्यात हाच रंग आधी तांब्यासारखा, मग पोपटी आणि शेवटी हिरवा होतो. एका फांदीवर शेंड्याकडून बुडाकडे पाहिले तर ही सगळी वये एकाच नजरेत दिसतात.

अंजनीला फुले येऊ लागली आहेत. काठीसारख्या फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ येतात, आणि आपल्या रानात निळा रंग इतका दुर्मीळ आहे की पहिल्यांदा पाहणारा थबकतोच. कुटुरगा या पक्ष्याची हाक मात्र दिवसभर होती. एकाने थांबावे आणि दुसऱ्याने दरीच्या पलीकडून उचलावे असे चालले होते.

एक दुःखाची गोष्टही लिहितो. मागील तीन वर्षे मी ज्या उतारावर अंजनीच्या रोपांची वाढ पाहत होतो, तो उतार या वेळी जळालेला आढळला. ‘गवत जाळले की नवे चांगले येते’ या समजुतीने फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणीतरी काडी ओढते आणि वणवा वाऱ्याबरोबर रानात शिरतो. कुंभ्यासारखी जाड सालीची मोठी झाडे त्यातून तगतात. आतून पुन्हा फुटतातही. पण गुडघाभर उंचीची रोपे, पाचोळ्यातील किडे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची जागा हे सारे एका दुपारी संपते. रानाचे कोंब फुटण्याची आणि आग लावण्याची वेळ एकच असावी यासारखे दुर्दैव नाही. आपापल्या गावात ओळखीच्या लोकांशी याबद्दल बोला, भांडण न करता बोला, एवढीच माझी विनंती आहे.

कृष्णाकाठ_शिरोळ
२१ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

वाचून वाईट वाटले. आमच्याकडे बांध पेटवताना बांधावरचा पळस होरपळतो, तेही हेच. यंदा आमच्या दोन्ही बांधांवरचे गवत विळ्याने कापून घेतले आहे.

सावरीची नोंद : १७ फेब्रुवारीला पहिले फूल पडले. फूल हातात घेतले तर चांगले जड लागते, पाच मांसल पाकळ्या, आत पुंकेसरांचा जुडगा, आणि तळाशी मधाचा ओलसर डोह, ज्यात चार मुंग्या अडकल्या होत्या. वर आग्या माश्यांचा घोंगाव इतका होता की झाडाखाली बोलताना आवाज चढवावा लागला.

पंचगंगाकाठ
२४ फेब्रुवारी, सकाळी ७.५५

पिंपळाची नोंद. १९ फेब्रुवारीला झाडाखाली पाचोळ्यात पहिल्यांदा ती आवरणे सापडली, ज्यांच्याबद्दल सुरुवातीला लिहिले होते. कोंब उलगडताना वरचे टोपण सुटून खाली पडते. फिकट गुलाबी, कागदासारखे पातळ आणि टोकाला वळलेले. दुसऱ्या दिवशी दहा-बारा होती, तिसऱ्या दिवशी झाडू मारणाऱ्या मावशींनी ती ढिगाने गोळा केली. वर पाहिले तर दक्षिणेकडच्या फांद्यांवर तांब्याच्या रंगाची, उन्हात आरपार दिसणारी पाने लटकत होती आणि उत्तरेकडच्या फांद्या अजून जुनी पिवळी पाने गाळत होत्या. धागा उघडताना जे म्हटले होते ते अर्ध्या-अर्ध्या वाटणीने एका झाडावर उभे राहिलेले पाहून मला कोण आनंद झाला.

काल मात्र दुपारी घरी नसताना विजेच्या तारांना अडथळा म्हणून दक्षिणेकडच्या पाच फांद्या तोडल्या गेल्या. तारांची अडचण खरी आहे, हे मला मान्य आहे. परंतु छाटणी पावसाळ्याच्या तोंडावर किंवा नोव्हेंबरातही करता येते. कोवळी पालवी फुटलेल्या आठवड्यात ती करणे म्हणजे झाडाने वर्षभर राखलेली पुंजी रस्त्यावर ओतणे. तोडलेल्या फांद्यांवरची पाने सायंकाळपर्यंत कोमेजून काळी पडली होती. संबंधितांना पत्र दिले आहे, त्यात फांद्या तोडू नका असे न लिहिता महिना बदला असे लिहिले आहे.

पहाटफेरी
२७ फेब्रुवारी, सकाळी ६.०५

मी आजवर केवळ वाचत होतो. आज रंकाळ्यावर पहाटे साडेपाचला या वर्षीची पहिली ‘कुहू’ ऐकली. एक शंका आहे : कोकिळा हिवाळ्यात कुठे जाते, आणि येते तेव्हा कुठून येते?

शेंडापार्क_सकाळ
२७ फेब्रुवारी, सकाळी १०.१०

ती कुठेही जात नाही. कोकिळ वर्षभर आपल्याच झाडांत असतो, वड-उंबराची फळे खातो, फक्त गप्प असतो. ‘कुहू’ म्हणणारा काळा, लाल डोळ्यांचा नर आहे. मादी तपकिरी, अंगभर पांढुरके ठिपके असलेली, आणि तिचा आवाज ‘किक्-किक्-किक्’ असा तुटक असतो. कावळ्यांची घरटी पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत होतात आणि कोकिळेला त्यांतच अंडी घालायची असतात, म्हणून नराचे गाणे त्याआधी सुरू होते आणि उन्हाबरोबर चढत जाते. तेव्हा आपण ऐकलेली ‘कुहू’ ही एका अर्थी कावळ्याच्या काडीची आगाऊ सूचना आहे. आता चोचीत काडी घेतलेला कावळा पहिल्यांदा कधी दिसतो, तेही कळवा.

रंकाळ्यावर धोबी पक्षी अजून आहेत का? मार्च-एप्रिलमध्ये ते उत्तरेकडे निघून जातात. येणाऱ्यांची नोंद सगळे करतात, जाणाऱ्यांची कोणी करीत नाही. शेवटचा धोबी कोणत्या तारखेला दिसला हे आपण लिहून ठेवले तर ती मोठी नोंद होईल.

पहाटफेरी
२७ फेब्रुवारी, रात्री ८.२०

आज पायऱ्यांलगत तीन होते. रोज पाहून लिहीत जाईन.

आजरेकर
३ मार्च, दुपारी १.३०

रंगपंचमीसाठी कोणाला पळसाचा रंग करायचा असेल तर आमच्या घरची रीत सांगतो. झाडावरची फुले तोडू नयेत, पहाटे खाली पडलेली ताजी फुले गोळा करावीत. देठाकडचे काळे कवच काढून टाकावे, नुसत्या पाकळ्या रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी त्याच पाण्यात एक उकळी आणावी आणि पातळ फडक्याने गाळावे. पिवळसर केशरी रंग मिळतो, तो अंगाला बाधत नाही आणि कपड्यावरही फिकटच बसतो. झाडावरची फुले राखण्याचे कारण असे की शिंजीर, मैना, कावळे, खारी या सगळ्यांचे पोट सध्या त्यावर आहे.

पंचांगप्रेमी
१९ मार्च, सकाळी ९.४५

माझ्या आक्षेपानंतर मी स्वतः नोंद ठेवू लागलो, ती येथे देतो. घरामागच्या कडुनिंबाने १ मार्चपासून पाने गाळली, ११ मार्चला तांबूस पालवी आली आणि आज पहिला फुलोरा उमलला. चांदणीसारखी बारीक पांढरी फुले आहेत आणि रात्री खिडकी उघडली की मंद मधासारखा वास येतो. गुढीपाडव्याला गुढीला बांधायला आणि गुळाबरोबर खायला जो पाला आपण घेतो, तो या कोवळ्या वयाचाच असतो, हे इतकी वर्षे पाला खाऊनही मी कधी ध्यानात घेतले नव्हते. बाजारात दवण्याच्या जुड्याही येऊ लागतील. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलालाच्या जोडीला त्याचाच वास असतो.

पहाटफेरी
२४ मार्च, सायंकाळी ७.००

रंकाळ्यावर आज धोबी दिसला नाही. काल एक होता. आणखी आठवडाभर पाहूनच शेवटची तारीख पक्की लिहितो. चोचीत काडी घेतलेला कावळा मात्र आज तांबटाच्या वडाजवळच दिसला.

गच्चीबाग
२९ मार्च, सायंकाळी ५.२५

मुलीची वही पाहून तिच्याच शब्दांत उतरवून देत आहे. तिने एकही रविवार चुकवला नाही.

‘१५ फेब्रुवारी. जुनी पाने पुष्कळ. नवी नाहीत. शेंगा थोड्या. २२ फेब्रुवारी. काही बदल नाही. १ मार्च. काही बदल नाही. पानांवर पांढरे डाग आणि नागमोडी रेघा आहेत, त्या अळीने आतून खाल्ल्या आहेत असे बाबा म्हणाले. ८ मार्च. पाने पिवळी व्हायला लागली. १५ मार्च. आज खूप पाने पडली, आमच्या गॅलरीतही आली. २२ मार्च. झाड रिकामे आहे. पलीकडचे झाड अजून रिकामे झाले नाही. दोघांनाही एकच रस्ता आहे तरी असे का, ते काकांना विचारायचे. २९ मार्च. नवी पाने आली. ती इतकी चकचकीत आहेत की ओली वाटतात, पण पाऊस पडलेला नाही. एकाही पानावर डाग नाही.’